सिदू पुकळेचं तेरावं

“वाचा की मोठ्यानं, दिवाणजी,” भगवान मुकादम म्हणाला. “कुनाचं बी असंना. हितं झाकून ठिवायसारखं काय असतंय?”

पत्रं वाचून दाखवणं हे माझं हजेरी मांडण्याइतकंच ठरलेलं काम होतं. रानातल्या आमच्या तळावर सोळा माणसं आणि अक्षरओळख मला एकट्याला. टपाल आठवड्यातून एकदा घाटाखालून यायचं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सगळे माझ्याभोवती गोळा व्हायचे. त्या सोमवारी एकच कार्ड होतं, मुकादमाच्या नावाचं, आणि त्याचा कोपरा फाडलेला होता. कोपरा फाडलेला म्हणजे मर्तिकाची बातमी, एवढं वाचता न येणाऱ्यालाही कळतं. जो तो आपापल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांची मनात उजळणी करत असणार.

मी वाचायला लागलो. “कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या टोळीतील कैलासवासी सिदू मायाप्पा पुकळे, राहणार हुलगेवाडी, तालुका माण, हे श्रावण महिन्यात जांभळीचे झाड अंगावर पडून मयत झाले, असे आम्हांस आता समजले. आपण कळविले नाही याचे नवल वाटते. दहावा रविवारी असून तेरावे बुधवारी आहे. त्याच दिवशी सूनबाईंचे वडील त्यांना व मुलीस कायमचे माहेरी नेणार आहेत. तरी मयताची कुऱ्हाड व घोंगडे कोणाबरोबर तरी पाठवावे.”

सिदू पुकळे माझ्या समोरच बसला होता. हातात अर्धी भाकरी आणि तोंडात मिरचीचा तुकडा.

“कोन मयत म्हनला?” त्यानं विचारलं.

“तू,” मुकादम म्हणाला.

मग जो हशा उठला तो काही केल्या थांबेना. सगळ्यांत जास्त सिदूच हसला, मिरची घशात जाऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “म्हंजी श्रावनापासनं मी फुकटच राबतुया व्हय!” तो म्हणाला. कुणीतरी म्हणालं, “दिवाणजी, आज ह्याचा खाडा मांडा. मेल्याली मानसं हजेरीवर चालत न्हाईत.”

मग सिदू हसायचा थांबला. भाकरी बाजूला ठेवून तो म्हणाला, “फिरून वाचा जरा. सुमीच्या आईला कुटं नेनार म्हनत्यात?”

मी ती ओळ पुन्हा वाचली. कायमचे माहेरी.

“आन् बुदवार कवा हाय?”

“परवा.”

माझी नजर मात्र बुधवारवर नव्हती, कार्डाच्या वरच्या ओळींवर होती. सिदू मायाप्पा पुकळे, राहणार हुलगेवाडी, तालुका माण, श्रावण, जांभळीचं झाड. हे सगळं याच क्रमानं मी आधी एकदा वाचलेलं होतं. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत, इस्त्रीच्या सदऱ्याखाली, एक दिवाळी अंक होता. त्यात माझ्या आयुष्यातली पहिली छापलेली कथा होती, आणि त्या कथेत सिदूला मी मारलं होतं.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालची. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि पोटापाण्यासाठी रान तोडणाऱ्या एका ठेकेदाराकडे कारकून होतो. सह्याद्रीतल्या त्या खोऱ्यात धरण व्हायचं होतं. पाणी चढण्याआधी तळातलं सगळं जंगल तोडून न्यायचं होतं. ते रान बारमाही हिरवं होतं. दुपारी बारालाही खाली ऊन पोचायचं नाही. पावसाळ्यात कपड्यांना बुरशी, भाकरीला बुरशी, कुऱ्हाडीच्या दांड्यावर शेवाळ. पायाला तंबाखूचं पाणी चोळल्याशिवाय पाऊल टाकायची सोय नव्हती, इतक्या जळवा.

आणि हे रान तोडायला माणसं आली होती माणदेशातून, जिथं झाड दिसलं तर माणूस वाट वाकडी करून त्याच्या सावलीला बसतो. बहात्तरच्या दुष्काळानं त्यांना इथं आणून टाकलं होतं. जूनमध्ये पेरणीला बरीचशी परत गेली, सिदूसारखी काही राहिली. ज्येष्ठात घाटवाट बंद झाली ती दसऱ्यालाच उघडली. चार महिने पत्र नाही, माणूस नाही. वाट उघडल्यावर मी सिदूला म्हणालोही, कार्ड टाकूया. तर तो म्हणाला, “दिवाळी झाली की जायाचंच हाय. आदी कळवून काय मजा?”

तो असाच होता. पायाला जळू लागली की “पावनं आलं” म्हणायचा. पहिला घाव घालण्याआधी झाडाला हात लावून माफी मागायचा आणि मागोमाग थट्टाही करायचा. “आमच्यात झाडाला मालकाचं नाव आसतंय, दिवाणजी. सोनबाची बाबळ, पाटलाचा लिंब. हितं कुनाकुनाची नावं ठिवायची?”

यातलं काहीही माझ्या कथेत नव्हतं. मला दुःख हवं होतं. शिकलेल्या माणसाला गरिबाचं दुःख दिसलं की त्याची लेखणी सुरसुरते. माझा सिदू खोल गेलेल्या डोळ्यांचा होता, मुका होता, झाडांकडे बघून सुस्कारे टाकत होता. शेवटी भर पावसात जांभळीखाली चिरडून तो ‘पाणी, पाणी’ करत मरत होता. दुष्काळातला माणूस, धो धो पावसात, आणि ओठांवर पाणी! लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन दोन कप चहा प्यायलो होतो. मेमधल्या शेवटच्या टपालानं ती कथा मी पाठवून दिली.

नाव बदलून बघितलं होतं, खोटं कशाला सांगू? राघू करून बघितला, धोंडी करून बघितला. पण वाक्यात जीव येईना. रोज सकाळी हजेरीपुस्तकात लिहून लिहून ते नाव हाताच्या वळणात बसलं होतं. मग हजेरीपुस्तकात असतं तसंच ते उतरलं, बापासकट, गावासकट, तालुक्यासकट. संपादकांनी लिहिलं, ‘तपशील अस्सल आहेत.’ हुलगेवाडीत दिवाळी अंक कोण वाचणार, असं मला वाटलं होतं. वाटलं होतं म्हणजे काय, तेवढा विचारही मी केला नव्हता.

“तार करू या,” मी म्हणालो.

“नगं,” सिदू म्हणाला. “आमच्याकडं तार आली की आदी रडत्यात, मग उघडत्यात. मी जातो.”

“तू एकटा गेलास तर भूत समजून दगड मारतील,” मुकादम म्हणाला. “दिवाणजी, तुमी जावा संगं. लिवनारं मानूस आसलं की लोकं इस्वास ठिवत्यात.”

त्या बिचाऱ्याला काय माहीत! मी मान हलवली, ट्रंकेतून सदरा काढला, अंक तिथंच राहू दिला. तासाभरात आम्ही घाट उतरायला लागलो.

बारा मैल चालणं झालं, मग दुसऱ्या दिवशी कोल्हापूरची एसटी, तिथून कराड. वाटेत सिदू बहुतेक वेळ मजेत होता. कोल्हापूरच्या स्टँडवर एका अनोळखी माणसानं त्याला विडीसाठी काडी मागितली, तर हा म्हणाला, “घ्या. मेल्याल्याकडनं काडी घेनारं तुमीच पयले.” तो माणूस काडी न घेताच गेला. पण एसटी सुटली की सिदू गप्प व्हायचा आणि मग त्याचा एकच विचार चालायचा.

“दिवाणजी, कुनी सांगितलं आसंल ओ?”

“कुणास ठाऊक.”

“न्हाई, पन बगा. नुसतं मेला म्हनला आसता तर अफवा. ह्यानं म्हयना सांगितला, झाड सांगितलं. जांभळीचं! आमच्या टोळीतल्या मानसाबिगर कुनाला ठावं, की हितं जांभळी हाईत?”

“कुणीतरी खोडी केली असेल.”

“खोडी करनाऱ्याला काय मिळालं?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. त्याचा प्रत्येक प्रश्न मला माझ्याकडे रोखलेला वाटायचा. त्याचा मात्र माझ्यावर काडीचाही संशय नव्हता. बुधवारी सकाळी दहिवडीच्या गाडीत तो माझ्या शेजारी बसला होता. गाडी उघड्या माळांतून चालली तसा तो मान उंच करकरून बाहेर बघायला लागला. त्या वर्षी तिकडे पाऊस बरा झाला होता. बाजरी निघून गेली होती, ज्वारी हातभर उभी होती.

“सासरा लई तातडीचा मानूस हाय,” तो एकदम म्हणाला. “एकदा नेली तर वरसाच्या आत पाट लावून दुसरीकडं दील. सुमी दोन वरसाची. तिला मी आटवनार बी न्हाई.” मग जरा थांबून, “ज्यानं केलं त्यानं हे धरलंच नसंल, न्हाई ओ? पोरगी हाय, बायकू हाय?”

“नसेल धरलं,” मी म्हणालो. हे मात्र अगदी खरं होतं. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण कंडक्टर तिकिटाला आला आणि मी त्या निमित्तानं गप्प बसलो. मी भित्रा माणूस आहे, हे मला त्या गाडीत नीट कळलं.

एसटीतून उतरून तीन मैल चालल्यावर हुलगेवाडीची शीव लागली. शेणकुटांची पाटी घेतलेली एक बाई समोरून येत होती. तिनं सिदूकडे बघितलं, पाटी टाकली आणि जी किंकाळी फोडली ती थेट वस्तीपर्यंत पोचली असणार. पाच मिनिटांत पंधरा-वीस माणसं आली. सगळी शिवेच्या दगडापलीकडेच थांबली. पुढे एक काठी टेकणारा म्हातारा होता, सिदूचा चुलता, धोंडीनाना.

“जागचा हालू नगंस,” नाना म्हणाला. “पायताण काड. पावलं दाव.”

सिदूनं वहाणा काढल्या. पावलं पुढंच होती. नानांनी वाकून बघितलं, मग डावीकडून, मग उजवीकडून.

“पावलं सरळ हाईत,” त्यांनी गावाला सांगितलं.

“आन् काय उलटी आसत्यात व्हय?” सिदू म्हणाला. “नाना, तुमाला मरणाची खबर देनाऱ्यानं मला एकदा इचारायचं तरी! मी न्हाईच म्हनलो आसतो.”

नानांचं बोळकं फाकलं. “जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई म्हनत्यात. हेची तर मेल्यावर बी गेली न्हाई!” लोक हसले, बायका रडल्या, पण शिवेचा दगड कुणी ओलांडला नाही.

तेवढ्यात पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ घाईनं आले. ते गावचे लोखंडे गुरुजी. कार्ड त्यांनीच लिहिलं होतं. त्यांच्या काखेत काय आहे ते मला लांबूनच दिसलं. मुखपृष्ठावरची ती पणती घेतलेली बाई मी विसरणं शक्यच नव्हतं.

“आपण?” त्यांनी मला विचारलं.

“हे आमचं दिवाणजी,” सिदू कौतुकानं म्हणाला. “सबनीस. लई शिकल्यालं हाईत.”

“दि. गो. सबनीस?” गुरुजींनी अंक उघडला, पान काढलं आणि बोट ठेवलं. “हे आपण लिहिलंत?”

आता पळायला वाट नव्हती. “हो,” मी म्हणालो. “पण ती कथा आहे, गुरुजी. खोटी.”

“कथा आहे हे वर छापलेलं मीही वाचलं,” गुरुजी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता आणि आवाज चढला होता. “दहिवडीच्या वाचनालयातून आणला मी हा अंक. दोन दिवस कुणाला बोललो नाही. पण कथेत कुणी तालुका घालतं का हो? बापाचं नाव घालतं? आणि ह्यात ‘मी’ म्हणजे कोण? ‘मी त्याला खांदा दिला’ असं लिहिलंय. खाली नाव आपलं. मग मी काय समजायचं?”

मी त्यांच्याकडून अंक हातात घेतला.

“खांदा दिला म्हनतंय,” धोंडीनाना सावकाश म्हणाले, “आन् संगं घिऊन आलंय.”

सिदू माझ्याकडे बघत होता. दोन दिवस शोधत असलेला माणूस सापडला होता आणि तो त्याच्याच शेजारी बसून दहिवडीपर्यंत आला होता.

“तुमी?” तो म्हणाला. एवढंच.

नानांनी काठी आपटली. “वाचा. आमी त्येच्यावर इतकं दिस रडलो. त्याला बी ऐकू द्या.”

मग शिवेवरच्या बाभळीखाली उभं राहून, भर उन्हात, मी ती कथा वाचली. आठ पानं. ज्या वाक्यांवर मी दोन कप चहा प्यायलो होतो ती मी मान वर न करता भराभर उरकली. सिदू खाली बसून, हनुवटी गुडघ्यावर ठेवून ऐकत होता. झाड कोसळलं तेव्हा मागं एका बाईनं पुन्हा हुंदका दिला, समोर जिता माणूस दिसत असूनही. वाचून झालं. मी अंक मिटला.

“झाड पडायच्या आदी बोलतंय, दिवाणजी,” सिदू म्हणाला. “करकर वाजतंय. बहिरा मानूस बी पळंल. त्यो तसाच हुबा ऱ्हायला व्हय?”

“हो.”

“आन् आटी पानांत कुटं हसला न्हाई?”

“नाही.”

“मग मेला त्येच बरं झालं,” सिदू म्हणाला. लोक हसले, पण तो हसला नाही. उठून वहाणा झटकत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “एका चुलीवर जेवलो ओ आपन. वरीसभर.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळ्यांसमोर हात जोडले. म्हणालो, चूक झाली, माफ करा. त्यांना माझ्या माफीपेक्षा मोठी अडचण होती.

सिदू दगड ओलांडायला निघाला तसे नाना आडवे झाले. “आसं न्हाई येता येनार. तुजं सगळं झालंय. कणकेचा पुतळा करून जाळला. दहावा झाला. कावळा पटकन शिवला, लेका! आमाला वाटलं, समाधान पावला.”

“त्याला भूक लागली आसंल,” सिदू म्हणाला.

“आसंल. पन पिंड घेतला न्हवं? त्या नावाचा मानूस आता ह्या गावात न्हाई. घराच्या उंबऱ्यात मेल्यालं नाव घिऊन शिरता येत न्हाई.”

आणि मागे सासरा उभा होता. बैलगाडी जुंपूनच आला होता. तो म्हणाला, “माजी लेक रांडमुंड झालीया. बांगड्या फुटल्या, कुकू पुसलं. ह्यो जिता आसंल तर आनंद हाय, पन माजी लेक ह्येची कोन? ते आदी सांगा. न्हाई तर मी गाडी हाकतो.”

सिदूच्या तोंडचं पाणी पळालं. मी पहिल्यांदाच त्याला घाबरलेला बघितलं. रानात दोन गवे समोर आले होते तेव्हाही तो असा झाला नव्हता.

तोडगा काढला तो त्याच्या आईनं. बायजाबाई एवढा वेळ मागं बसून होती. ती उठली, गर्दीतून पुढं आली आणि कुणालाही न विचारता शिवेचा दगड ओलांडून लेकापाशी गेली. त्याच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, “मेला त्यो मेला. ह्यो मी आज नवा जनलाय. कुनाचं काय म्हननं हाय? बारसं घालू आन् दारातनं नेऊ.”

असा प्रकार पूर्वी कधी तरी झाल्याचं नानांनी ऐकलं होतं. त्यांनी मान डोलावली. मग तिथंच, शिवेवर, मिशीवाल्या बाप्याचं बारसं झालं. सिदूला नवं पाणी ओतून न्हाऊ घातलं. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं. पाय पार बाहेर धुळीत आले होते. बोटानं मध चाटवला. आत्यानं कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं आणि बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. सगळी हसत होती आणि सगळ्यांचे डोळे वाहत होते, माझेही. बायजाबाईनं नवं नाव मोठ्यानं घेतलं, तीनदा, आणि सांगितलं की जुन्या नावानं हाक मारील त्याच्या तोंडात शेण. म्हणून जुनं नाव इथं बिनदिक्कत लिहितो आहे. त्या नावाचा आता कुणी नाही. नवं नाव मी सांगणार नाही.

मग तो वाजतगाजत दारातून आत गेला. अंगणात त्याच्या बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लागलं. सासऱ्यानं मुलीचा हात दुसऱ्यांदा दिला आणि बैल सोडले. कासारीण बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या. सुमी बापाला ओळखत नव्हती. ती आजीच्या पदराआडून त्याच्या मिशांकडे बघत होती, आणि तो काही न बोलता दोन बोटांनी मिशा वरखाली करून दाखवत होता. तेराव्याचा स्वयंपाक शिजून तयारच होता. तोच बारशाचा झाला, तोच लग्नाचा.

पंगत बसली. मी अंगणाबाहेर, कुंपणाशी एका दगडावर बसलो होतो. कुणी मला जा म्हटलं नव्हतं, ये म्हटलं नव्हतं. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली की उठायचं, एवढंच मनात होतं.

“दिवाणजी म्हनत्यात ते तुमीच न्हवं?”

सिदूची बायको समोर उभी होती. डोक्यावर पदर, कपाळावर ताजं कुंकू. हातातल्या बांगड्या अजून अंगवळणी पडल्या नव्हत्या, ती त्या मनगटावर सारखी सरकवत होती. मी उठून उभा राहिलो.

“एक इचारायचं व्हतं,” ती म्हणाली. “रागवायचं न्हाई. गुर्जींनी मला ते दोनदा वाचून दावलं. मीच वाचाया लावलं. झाड पडल्यावर ते पानी पानी म्हनले. मग आईला हाक मारली. मग सुमीचं नाव घेतलं. आन् मग गेले.”

“हो,” मी म्हणालो.

“माजं नाव न्हाई घेतलं.”

तिचं बांगड्या सरकवणं थांबलं होतं.

“इतकं दिस मी त्योच इचार केला. मानूस गेल्याचं दुक येगळं. पन जाताना आईला हाक मारली, लेकीला मारली, मला न्हाई. म्हनलं, काय चुकलं आसंल माजं? जाताना भांडलो तर न्हवतो.” तिनं पदरानं डोळे टिपले. “आता जिते आले, देवाची किरपा. पन ते डोस्क्यातनं जात न्हाई.”

“वहिनी, त्या कथेतला तो हा नव्हता,” मी म्हणालो. “त्याच्या तोंडात ते सगळं मी घातलं. खोटं होतं.”

“ते कळलं. पन खोटंच लिवायचं व्हतं, तर माजं बी लिवायचं. काय लागत व्हतं?”

तिनं हे भांडायच्या सुरात विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं आणि उत्तर हवं होतं. आणि उत्तर माझ्याकडे होतं. वर्षभर मी सिदूची पत्रं लिहिली होती. ती सगळी तीर्थरूप आईस. त्यांत सुमीला पापा असायचा, सुमीच्या आईला निरोप असायचा. बायकोचं नाव घ्यायची त्यांच्यात रीत नव्हती. मी विचारलं असतं तर लाजत का होईना, त्यानं सांगितलं असतं. त्याचा गाव, तालुका, बाप, कुऱ्हाड, जळवा, सगळं मी टिपून घेतलं होतं.

“मला तुमचं नाव माहीत नव्हतं,” मी म्हणालो.

“वरीसभर संगं ऱ्हायलात. इचारलं न्हाई?”

“नाही.”

अंगणातून कुणीतरी तिला वाढायला हाक मारत होतं. ती वळली, दोन पावलं गेली आणि थांबली.

“हौसा,” ती म्हणाली. “हौसा म्हनत्यात मला. चला आत, पंगत उठंल. जेवून घ्या.”